ज्वारीची बिअर करताना या चुका टाळा

बुर्किना फासोमधील डोलो, घाना आणि नायजेरियातील पिटो, दक्षिण आफ्रिकेतील उम्कोम्बोती ही ज्वारीची पारंपरिक पेये क्राफ्ट बिअर करणाऱ्यांना खुणावू लागली आहेत. मात्र त्यांच्या पहिल्या काही खेपा हमखास फसतात आणि दोष धान्यावर ढकलला जातो. वस्तुतः बहुतेक चुका ज्वारीला बार्लीसारखे वागवल्यामुळे होतात.

सर्वांत मोठी चूक माल्टचे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचे, पीठ गरम पाण्यात भिजवताना होते. बार्लीचे माल्ट ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास तासभर ठेवले की काम भागते, कारण त्या तापमानाला तिचा स्टार्च फुलून मोकळा झालेला असतो आणि त्याची साखर करणारी एन्झाइमेही टिकून असतात. ज्वारीच्या स्टार्चला फुलायला साधारण ७० ते ७५ अंश लागतात, आणि तेवढ्या उष्णतेत बीटा-अमायलेज हे महत्त्वाचे एन्झाइम, जे ज्वारीच्या माल्टमध्ये मुळातच कमी असते, झपाट्याने निकामी होते. मग रस गढूळ राहतो, त्याला गोडी येत नाही आणि यीस्टला खायला काही उरत नाही. गार केलेल्या रसाच्या थेंबावर आयोडीन टाकून पाहावे. थेंब निळा-काळा झाला, तर स्टार्च तसाच शिल्लक आहे.

या पेचावरचा तोडगा डोलो करणाऱ्या स्त्रियांकडे पूर्वीपासून आहे. त्या माल्टचे पीठ गार पाण्यात कालवून तळाशी बसू देतात, वरचे पाणी, ज्यात एन्झाइमे उतरलेली असतात, काढून बाजूला ठेवतात, खालचा गाळ उकळून त्याची पेज करतात आणि नंतर राखून ठेवलेले पाणी त्या गरम पेजेत परत मिसळतात. स्टार्च उकळीत फुलतो, एन्झाइमे उकळीपासून वाचतात आणि दोन्ही एकत्र येतात तेव्हा मिश्रण पुरेसे निवलेले असते. गाळ लवकर बसावा म्हणून त्या भेंडीसारख्या बुळबुळीत वनस्पतींचाही उपयोग करतात. नायजेरियाने १९८८ पासून बार्ली माल्टच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा ज्वारीकडे वळलेल्या मोठ्या कारखान्यांनी हा प्रश्न मुख्यतः विकतच्या एन्झाइमांनी सोडवला. कारखान्याचे गणित वेगळे असते. पण एका जादा भांड्याचे आणि तासाभराचे काम टाळण्यासाठी छोट्या ब्रूअरने तीच वाट धरावी, हे मला पटत नाही.

माल्ट घरी करणाऱ्यांची घाई ही दुसरी अडचण आहे. मटकीला मोड दिसले की आपण थांबतो. ज्वारीला मात्र २५ ते ३० अंशांच्या उबेत, ओल टिकवून, चार ते पाच दिवस द्यावे लागतात. बार्लीच्या सवयीने तिला थंड खोलीत ठेवल्यास उगवण अर्धवट राहते. उगवलेले धान्य नीट वाळवून, चोळून, मोड आणि मुळे पाखडून टाकावीत, कारण सायनाइड निर्माण करणारे धुरिन हे द्रव्य मुख्यतः त्यांतच साठते. कोवळी ज्वारी खाऊन जनावरांना विषबाधा होते हे आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. कारण तेच आहे.

बुरशी आलेले किंवा भिजून गेलेले धान्य ‘उकळल्यावर चालेल’ म्हणून कधीही वापरू नये. जानेवारी २०१५ मध्ये मोझांबिकच्या टेटे प्रांतात एका अंत्यविधीच्या वेळी पोंबे ही स्थानिक बिअर पिऊन ७५ जण दगावले. आधी मगरीच्या पित्ताचा संशय घेतला गेला. पुढे तपासणीत, बिअरसाठी वापरलेल्या खराब मक्याच्या पिठात जिवाणूंनी तयार केलेले बाँगक्रेकिक आम्ल हे कारण निघाले. हे विष उकळूनही नष्ट होत नाही.

आंबटपणाला बिघाड समजणे ही चूक विशेषतः उम्कोम्बोतीच्या बाबतीत होते. तेथे पिठाचे मिश्रण रात्रभर आंबवून मग शिजवतात, आणि लॅक्टिक आम्लामुळे चवही येते व घातक जिवाणूंनाही आळा बसतो. आंबट क्राफ्ट बिअर करणारे काही जण आंबवण्याआधीच हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुले, घालतात. पण हॉप्स लॅक्टिक जिवाणूंची वाढ रोखतात, त्यामुळे ते घालायचेच असतील तर आंबवून झाल्यावर घालावेत. असा आंबट रस साध्या लोखंडी पिंपात ठेवू नये. दक्षिण आफ्रिकेत अशा भांड्यांतील बिअर वर्षानुवर्षे पिणाऱ्यांच्या शरीरात लोह साचून यकृताचे विकार झाल्याचे आढळले आहे. स्टीलचे भांडे घ्यावे.

गाळताना रस अडून बसतो, कारण ज्वारीला बार्लीसारखे टरफल नसते. थोडे स्वच्छ भाताचे तूस मिसळल्यास वाट मोकळी होते. उम्कोम्बोती नितळ करण्याचा मात्र हट्ट नको, ती दाट आणि धूसरच असते. ती विकली जाते तेव्हाही आंबतच असते, म्हणून घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत भरल्यास बाटली फुटू शकते. झांबिया आणि मलावीतील चिबुकू या अशाच बिअरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांना वायू बाहेर जाण्याची सोय असते ती याचसाठी. दोन-तीन दिवसांत ती संपवलेली बरी. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर करणे हा गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

ज्वारीत गहू-बार्लीतले ग्लूटेन हे प्रथिन नसल्याने, ते न सोसणाऱ्या सीलिॲक रुग्णांसाठीच्या बिअरमध्ये तिला मोठे स्थान मिळाले आहे. परंतु रस गोड होत नाही म्हणून त्यात मूठभर बार्ली माल्ट टाकले, तर ती बिअर अशा रुग्णांच्या कामाची राहत नाही, आणि लेबलावर ‘ज्वारीची’ एवढाच शब्द वाचून ती घेणाऱ्याला हे कळायला मार्ग नसतो.