जोडीदाराचे घोरणे कमी करायचे असेल, तर आधी ते नीट ऐका

घोरणाऱ्या माणसाला स्वतःचे घोरणे ऐकू येत नसते. त्या आवाजाचा साक्षीदार असतो तो शेजारी जागे असलेला माणूस. म्हणून कानात बोळे घालण्यापूर्वी किंवा अंथरूण घेऊन बाहेरच्या खोलीत जाण्यापूर्वी दोन-तीन रात्री तो आवाज लक्षपूर्वक ऐकावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझे यजमान घोरू लागले की ‘दमले आहेत, ढाराढूर झोपले आहेत’ असे म्हणत मी कित्येक वर्षे कूस बदलत राहिले. घोरणे ही गाढ झोपेची खूण आहे, या समजुतीत गेलेल्या त्या वर्षांची मला आजही रुखरुख वाटते.

ऐकायचे ते असे. आवाज केवळ उताणे झोपल्यावर येतो, की कुशीवरही? तोंड उघडे असते का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घोरता घोरता श्वास मध्येच थांबून दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ शांतता पसरते आणि मग गुदमरल्यासारखा मोठा उसासा येऊन घोरणे पुन्हा सुरू होते का? तसे होत असेल, तर तो स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास वारंवार थांबण्याचा विकार, असण्याची शक्यता आहे आणि घरगुती उपायांवर विसंबून राहू नये.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट अरुंद होते आणि तीतून जाणाऱ्या हवेने मऊ टाळू व पडजीभ थरथरू लागतात. हाच घोरण्याचा आवाज. उताणे झोपल्यावर जीभही मागे घसरते, म्हणून पहिला उपाय कुशीवर झोपवण्याचा. पाठीशी लोड लावावा. त्याने भागले नाही, तर जुन्या बनियनला पाठीच्या बाजूने खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवावा, म्हणजे उताणे होताच तो टोचतो आणि माणूस आपोआप वळतो. डोक्याखाली उशांवर उशा रचू नयेत, कारण त्यामुळे मान दुमडून वाट आणखी आवळते. त्याऐवजी पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली सुमारे चार इंचांचे भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत.

नाक चोंदलेले असेल, तर तोंडाने श्वास घेतला जातो आणि घोरणे वाढते. पुण्यात याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पावसाळ्यानंतर मोकळ्या जागांवर माजणाऱ्या गाजरगवताची भारतातील ठळक नोंद १९५०च्या दशकात याच शहरात झाली, आणि त्याच्या परागकणांनी अनेकांना शिंका व सर्दीचा त्रास होतो. थंडीत खिडक्या लावून डासांची कॉइल पेटवली, की धुराची भर पडते. त्यापेक्षा मच्छरदाणी बरी. रात्री मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यास आराम पडतो, मात्र नळाचे पाणी थेट वापरू नये. ते उकळून कोमट होऊ द्यावे आणि एका पेल्याला अर्धा चमचा मीठ घालावे. नाक मोकळे करणारे औषधी थेंब मात्र सलग तीन-चार दिवसांपेक्षा अधिक वापरू नयेत, कारण पुढे त्यांनीच नाक चोंदू लागते. एकच नाकपुडी कायम बंद राहत असल्यास नाकाचा पडदा वाकडा आहे का, हे कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून पाहून घ्यावे.

झोपण्यापूर्वी तीन-चार तास मद्य घेऊ नये. झोपेच्या गोळ्यांनीही घोरणे वाढू शकते, पण चालू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याखेरीज बंद करू नये. मानेभोवतीची चरबी श्वासाची वाट दाबते, म्हणून वजन कमी होणे हा सर्वांत टिकाऊ उपायांपैकी एक आहे. आम्ही दोघे रोज सकाळी तळजाईच्या टेकडीवर चालू लागलो. ‘तुम्ही चालायला जा’ असे सांगण्यापेक्षा बरोबर निघणे अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

श्वास थांबत असेल, सकाळी डोके दुखत असेल, रक्तदाब चढा असेल किंवा दिवसा डुलक्या येत असतील, तर झोपेची तपासणी करून घ्यावी. अशा माणसाने द्रुतगती मार्गावर गाडी चालवत मुंबईला जाणे धोक्याचे आहे, हे घरच्यांनी स्पष्टपणे सांगावे. तपासणीत प्रौढांचा श्वास तासाला किती वेळा थांबतो किंवा मंदावतो हे मोजतात: पाचपेक्षा कमी आकडा सामान्य, तीस व त्यापुढील आकडा गंभीर. डॉक्टरांकडे जोडीदाराने सोबत जावे आणि फोनवर ध्वनिमुद्रित केलेला आवाज ऐकवावा.

मुखवट्यातून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारे सीपॅप यंत्र सुचवले गेल्यास त्याचा मुखवटा पहिल्या रात्री बहुतेकांना नकोसा वाटतो. तो संध्याकाळी जागेपणीच, वाचत बसलेले असताना अर्धा तास लावण्याची सवय करावी. आमच्याकडे ती जमायला तीन आठवडे लागले.