मच्छीमार बोटीची हत्यारपेटी कशी भरावी

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात बोटी शाकारून ठेवलेल्या असतात. इंजिन उघडलं जातं, जाळ्यांची डागडुजी होते, रंगकाम उरकतं. हत्यारपेटी मात्र शेवटच्या दिवसावर ढकलली जाते आणि ऐनवेळी बाजारातून एक तयार सेट आणून केबिनमध्ये टाकला जातो. असा सेट मोटारगाडी डोळ्यांपुढे ठेवून केलेला असतो. त्यातल्या एकाही पान्यात ग्लँडचा (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या जोडाचा) मोठा नट मावत नाही, आणि पंख्यात (प्रोपेलरमध्ये) अडकलेलं जाळं कापायला त्यात काहीच नसतं. समुद्रात बोट अडवतात त्या याच गोष्टी.

इथे दिलेली माहिती ३० ते ४५ फुटी, डिझेल इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेल्या) इंजिनाच्या बोटींसाठी आहे. आउटबोर्डवाल्या (मागे बाहेर टांगलेल्या इंजिनाच्या) फायबर होड्यांचं थोडं वेगळं असतं, ते शेवटी दिलं आहे.

यादी बोटीवरच करा

वही-पेन्सिल घेऊन इंजिनापासून सुरुवात करा आणि सुकाणूपर्यंत जा. वाटेत येणारा प्रत्येक नट, बोल्ट, क्लिप, पट्टा, फिल्टर आणि पाइप पाहा. ही वस्तू निकामी झाली तर बोट थांबेल का, किंवा बोटीत पाणी येईल का? उत्तर ‘हो’ असेल तर तीन गोष्टी लिहा: ती सोडवायला कोणता पाना लागतो, बदली भाग कोणता लागतो, आणि बसवताना वॉशर, गॅस्केट किंवा टेप काय लागतं. तिसरी गोष्ट हमखास राहते. फिल्टर असतो, पाना असतो, पण तांब्याचा वॉशर नसतो, आणि जुनाच वॉशर परत लावल्यावर तिथून हवा ओढली जाते.

यादी झाली की फक्त पेटीतली हत्यारं वापरून यातला प्रत्येक बोल्ट जेटीवर एकदा सैल करून परत आवळा. दुसऱ्याच्या बोटीवरचा पाना मागायचा नाही. एखादा नट गंजून बसला असेल तर तो इथेच कळेल. त्यावर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, सकाळी सोडवा आणि आट्यांना ग्रीस लावून पुन्हा बसवा. हाच नट हेलकावणाऱ्या बोटीत, गरम इंजिनावर सोडवायची वेळ आली तर हात तरी सोलतो नाहीतर नटाचे कोपरे तरी.

पाने

६ ते ३२ मिमीपर्यंतचा बारा पान्यांचा फिक्स सेट आणि तेवढाच रिंग पान्यांचा सेट घ्या. दोन्ही का, तर आरपार बोल्टला एका बाजूने धरायचं आणि दुसऱ्या बाजूने फिरवायचं असतं. १०, १३, १७ आणि १९ हे पाने सर्वांत जास्त हातात येतात आणि सर्वांत जास्त समुद्रात पडतात, म्हणून यांची जास्तीची एकेक जोडी ठेवा. गोट्या (सॉकेट) घेताना आतून सहा कोनांच्या घ्या. बारा कोनांची गोटी गंजलेल्या नटावरून घसरते.

जुन्या इंजिनांवर इंची बोल्ट असतात. तिथे मिमीचा पाना ‘जवळपास बसतो’ म्हणून वापरलात तर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी नट गोल होतो. दोन-चार इंची पानेच लागत असतील तर तेवढेच सुटे आणा.

याशिवाय १० आणि १२ इंची असे दोन स्क्रू पाने, १४ इंची पाइप पाना, साधी पक्कड, ग्रिप पक्कड, लांब चोचीची पक्कड, चपटे आणि फुलीचे स्क्रू ड्रायव्हर दोन-दोन मापांत, एलन कीचा सेट, एक किलोच्या आतली हातोडी, छिन्नी, पंच, चपटी कानस आणि तारेचा ब्रश एवढं लागतं. हेडटॉर्च विसरू नका. एका हातात टॉर्च धरून इंजिनखाली काम होत नाही. दोरीला बांधलेलं एक लोहचुंबकही ठेवा. तळात पडलेला नट त्यानेच वर येतो.

डिझेल: सर्वांत जास्त वेळा बंद पडण्याचं कारण

टाकीच्या तळाशी पाणी आणि गाळ साठतो. शांत पाण्यात तो तळाशीच राहतो. बोट आपटायला लागली की घुसळून वर येतो आणि फिल्टर भरतो. म्हणून इंजिन नेमकं वाईट हवेतच बंद पडतं. दोन भांड्यांचा फिल्टर असेल तर पहिल्यात कापडी आणि दुसऱ्यात कागदी फिल्टर येतो. दोन्हींचे किमान दोन-दोन सेट, सोबत रबरी रिंगा आणि बँजो बोल्टचे (डिझेलचा पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) दहा-बारा तांब्याचे वॉशर ठेवा. इंजिनावरच्या सगळ्या बँजो बोल्टचं माप एक नसतं, म्हणून प्रत्येक मापाचा वॉशर वेगळ्या पुडीत घालून वर माप लिहा.

फिल्टर बदलल्यावर हवा काढावी लागते. फिल्टरच्या डोक्यावरचा हवेचा स्क्रू दोन फेऱ्या सैल करा आणि फीड पंपाचा हातदांडा मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, आणि शेवटी सलग डिझेलची धार. पंप मारत असतानाच स्क्रू बंद करा. आधी हात थांबवलात तर हवा परत आत जाते. मग हेच इंजेक्शन पंपाच्या स्क्रूवर करा. तरीही इंजिन घेत नसेल तर नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट अर्धी फेरी सैल करून स्टार्टर थोडा थोडा फिरवा, तिथून डिझेल डोकावलं की आवळा. तिथला दाब फार मोठा असतो. बारीक धार कातडीतून आत शिरते, म्हणून हात किंवा बोट लावून तपासू नका. चेहरा लांब ठेवा आणि चिंधी वापरा.

या कामाला लागणारे पाने मोजून चार-पाच असतात. ते वेगळ्या कापडात गुंडाळून फिल्टरसोबत एकाच डब्यात ठेवा. रात्री शोधाशोध होत नाही.

थंड पाण्याचा पंप आणि पट्टा

इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपात रबरी इंपेलर (पाती असलेलं चाक) असेल तर तो कोरडा फिरल्यावर काही मिनिटांत जळतो. पाणी घेणाऱ्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी चिकटली की नेमकं हेच होतं. पेटीत एक नवा इंपेलर, त्याचं गॅस्केट आणि झाकणाचे जास्तीचे स्क्रू ठेवा. बसवताना साबणाचं पाणी लावा आणि पाती पंप फिरतो त्या दिशेच्या उलट वाकलेली, म्हणजे मागे ओढली जाणारी राहू द्या. जुन्या इंपेलरची पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल तर तो तुकडा पुढे पाइपात किंवा कूलरच्या तोंडाशी अडकलेला असतो. तो काढला नाही तर नवा इंपेलर घालूनही इंजिन तापतं.

फॅन बेल्ट जुन्यावरचा नंबर वाचून आणा आणि एकदा प्रत्यक्ष चढवून पाहा. बरोबर ताणलेला पट्टा दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबला की साधारण १० ते १५ मिमी दबतो.

ग्लँड

शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथली ग्लँड थोडी गळायलाच हवी. शाफ्ट फिरताना पडणारे थेंब पॅकिंगला (शाफ्टभोवती ठासलेल्या दोरीला) थंड ठेवतात. एक थेंबही नको म्हणून करकचून आवळलं तर पॅकिंग जळतं आणि शाफ्टवर खाच पडते. पुढे ती कितीही आवळली तरी गळतच राहते.

पॅकिंग दोरीचं माप अंदाजाने घेऊ नका. ही दोरी बसते त्या घराच्या आतल्या व्यासातून शाफ्टचा व्यास वजा करा आणि निम्मे करा. शाफ्ट ४० मिमी आणि घर ६० मिमी असेल तर दोरी १० मिमीची. तिच्या एका वेढ्याला सुमारे १६ सेंमी लागते, चार वेढ्यांना ६५ सेंमी. म्हणून पेटीत १ मीटर ठेवा. वेढे सुटे कापायचे, तिरपे कापायचे आणि एकाचा जोड दुसऱ्याच्या जोडावर येऊ द्यायचा नाही. सलग दोरी गुंडाळून घातली तर पाणी तिच्या कडेकडेने आत येतं.

पूर्ण पॅकिंग बदलणं हे बोट ओढलेली असतानाचं काम. समुद्रात फक्त थोडं आवळायचं: दोन स्टडची ग्लँड असेल तर दोन्ही नट सारखेच, एका वेळी पाव फेरीच्या आत. मग दहा मिनिटं चालवून ग्लँडवर हात ठेवा. हात ठेववत नसेल इतकी गरम झाली तर लगेच थोडी सैल करा. यासाठी ग्लँडच्या नटाला बसणारा पाना आणि लॉकनटासाठी दुसरा, असे दोन पाने लागतात. जागा अडचणीची असते, त्यामुळे पाना तिथे फिरतो का हे जेटीवरच बघा.

पंख्यात जाळं

नायलॉनची दोरी पंख्यात गेली की शाफ्टभोवती घट्ट होते, आणि घर्षणाच्या उष्णतेने वितळून कडक गोळा बनते. साधी सुरी त्यावर चालत नाही. दाते असलेली मोठी सुरी दोरीसाठी आणि लोखंड कापायची करवत वितळलेल्या गोळ्यासाठी, दोन्ही हवीत. करवतीची दहा पाती तेल लावून नळीत ठेवा, कारण ओलं पातं आठवड्यात गंजतं. लांब बांबूच्या टोकाला बांधता येईल असा कोयताही ठेवा. बऱ्याचदा पाण्यात न उतरताच काम होतं.

उतरावंच लागलं तर इंजिन बंद, गियर न्यूट्रल आणि चावी उतरणाऱ्याच्या हवाली. त्याच्या कमरेला दोरी आणि ती धरायला वर एक माणूस. लाटा मोठ्या असतील तर उतरू नका. वर-खाली आपटणाऱ्या बोटीचा मागचा भाग डोक्यात बसतो. अशा वेळी नांगर टाका आणि मदत मागा: व्हीएचएफ रेडिओवर चॅनेल १६, किंवा मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

पाणी आत येत असेल तर

पाण्याखालच्या प्रत्येक भोकासाठी मऊ लाकडाचं निमुळतं बूच हवं. पांगारा किंवा सावर चालेल. सागाचं बूच कडक असतं, ते नीट दबून बसत नाही. बारीक टोक भोकापेक्षा १० मिमी कमी आणि जाड टोक १० मिमी जास्त ठेवा. ही बुचं पेटीत ठेवायची नाहीत. ज्या व्हॉल्व्हचं बूच त्याच व्हॉल्व्हला सुतळीने बांधायचं.

पेटीत असू द्या: पाण्यात बसणारी इपॉक्सी लांबी, जुन्या टायर-ट्यूबचा हातभर तुकडा, वीतभर प्लायवूडचे दोन तुकडे, स्टेनलेस स्क्रू, आणि लाकडी बोट असेल तर फटीत ठासायला कापूस.

होज क्लिप घेताना चुंबक लावून बघा. पुष्कळ क्लिपांचा पट्टा स्टेनलेस असतो, पण स्क्रू साधा लोखंडी. चुंबक स्क्रूला टचकन चिकटला तर ती क्लिप पाण्याखाली लावू नका. पट्टा चकचकीत राहतो आणि स्क्रू आतून कुजून एक दिवस सुटतो. पाण्याखालच्या जोडाला दोन क्लिपा लावा, स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूला.

वीज आणि सुकाणू

मल्टिमीटर एक. उभ्या १२ व्होल्टच्या बॅटरीत १२.६ च्या आसपास आकडा असेल तर ती भरलेली आहे, १२.० च्या जवळ असेल तर जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवा; तो दिसत नसेल तर आधी पट्टा बघा, मग अल्टरनेटर. बोटीत लागलेल्या प्रत्येक मापाचे पाच-पाच फ्यूज, दिव्यांचे बल्ब, इन्सुलेशन टेप, केबल टाय, काही मीटर वायर, टर्मिनल आणि ते दाबायची पक्कड, सँडपेपर, पेट्रोलियम जेली. बॅटरीसाठी वापरायच्या पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळून ठेवा आणि सोडवताना निगेटिव्ह आधी काढा.

सुकाणू तारेवर चालत असेल तर तारेचा तुकडा आणि तीन यू-क्लिपा. यू-बोल्टची बाजू तारेच्या सुट्या टोकावर यायला हवी. उलट लावली तर ताण घेणारी तार चेपते आणि तिथेच तुटते. हायड्रॉलिक असेल तर तेलाचा डबा आणि एक जास्तीचा पाइप.

पेटी आणि जागा

लोखंडी पेटी नको, ती आधी स्वतः गंजते आणि मग हत्यारं गंजवते. रबरी सील असलेले प्लास्टिकचे दोन डबे घ्या: एकात हत्यारं, दुसऱ्यात सुटे भाग. हत्यारं ताडपत्रीच्या खिसे शिवलेल्या बस्त्यात गुंडाळली तर खणखण आपटत नाहीत आणि कुठला पाना गायब आहे हे लगेच दिसतं. खारं पाणी लागलेलं हत्यार गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा आणि इंजिन ऑइलच्या चिंधीने पुसून मगच आत टाका. ओलं हत्यार झाकणबंद डब्यात गेलं तर बाकीचीही गंजतात. रोजच्या पान्यांना बारीक दोरीचा फास बांधा आणि बोटीच्या कडेला काम करताना तो मनगटात घाला.

झाकणाच्या आत यादी चिकटवा: पट्ट्याचा नंबर, फिल्टरचे नंबर, पॅकिंगचं माप. तांडेल (बोटीचा प्रमुख) आणि ड्रायव्हर दोघांनाही डबे कुठे आहेत हे अंधारात माहीत हवं. वस्तू वापरली की परतल्यावर त्याच दिवशी नवी आणा.

आउटबोर्डसाठी

इथे पेटी लहान, पण तरंगणारी हवी. इंजिनाच्या मापाचा प्लग पाना आणि दोन नवे प्लग, छोट्या इंजिनांना लागणाऱ्या दोन शिअर पिना, कॉटर पिना, पंख्याच्या नटाचा पाना, स्टार्टरची दोरी, हाताने दाबायचा इंधनाचा रबरी गोळा त्याच्या जोडण्यांसह, आणि पेट्रोल फिल्टर. शिअर पिनेच्या जागी खिळा घालून चालवू नका. पंखा खडकाला लागला की तुटायचं काम पिनेचं असतं. खिळा टिकला तर गियर तुटतो, आणि तो समुद्रात दुरुस्त होत नाही. इंजिन होडीतून पडलं तर हत्यारं शोधत बसू नका, आधी ते गोड्या पाण्याने धुवा, प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढा, आत तेल घाला, आणि त्याच दिवशी मेकॅनिककडे न्या.