बारावीच्या वर्षात मोठं आजारपण आलं, तर प्रवेशाचं काय करायचं?

फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा आणि डिसेंबरात मुलीला टीबीचं निदान. घरात पहिली काळजी तब्येतीची, पण "वर्ष वाया गेलं का?" हा प्रश्न लगोलग येतोच. बहुतेक वेळा जात नाही. मात्र आपल्याकडची प्रवेशप्रक्रिया कोणाची हकीकत ऐकून घेत नाही. कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेरीत प्रवेश परीक्षेचं पर्सेंटाइल, पात्रतेचे गुण आणि कागद पाहतात. आजारपणासाठी गुण वाढवून मिळत नाहीत. तेव्हा धावपळ करायची ती या तीन गोष्टींसाठी.

आधी कॉलेज गाठा. प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या, सोबत डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स जोडा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. वर्गशिक्षकांना फोनवर सांगितलेलं पुढे कोणाला आठवत नाही. डॉक्टरांच्या दाखल्यावर नुसतं "आजारी होती" नको. दाखल केल्याची तारीख, घरी सोडल्याची तारीख आणि पुढे किती विश्रांती, हे स्पष्ट हवं. हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली तर सवलत मागताना हाच कागद लागतो.

प्रात्यक्षिक परीक्षा हुकली तर घाबरू नका. वैद्यकीय कारणाने गैरहजर राहिलेल्यांसाठी राज्य मंडळ लेखी परीक्षेनंतर 'आउट ऑफ टर्न' प्रात्यक्षिक घेतं. ते कॉलेजमार्फतच होतं, म्हणून चौकशी लगेच करा आणि जर्नलवर सह्या घेऊन ठेवा. हात प्लॅस्टरमध्ये असेल तर लेखनिकासाठी विभागीय मंडळाकडे परवानगी मागा, पेपरच्या आदल्या दिवशी नव्हे.

आता खरा पेच: यंदा परीक्षेला बसायचं की नाही?

इथे पालक भावनेच्या भरात निर्णय घेतात. "एवढ्या कमी मार्कांपेक्षा पुढच्या वर्षी देऊ" असं म्हणण्याआधी मुलाला जायचंय कुठे ते पाहा. राज्यातल्या इंजिनिअरिंगसाठी गुणवत्ता ठरते एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेवर. बारावीला संबंधित विषयांत खुल्या गटाला ४५ टक्के, राखीव गटाला ४० टक्के पुरतात. नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी हेच आकडे ५० आणि ४०. म्हणजे आजारपणात ९० टक्क्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पात्रतेपुरते गुण मिळवायचे आणि उरलेली ताकद प्रवेश परीक्षेला द्यायची. सीईटीत सुमारे ८० टक्के भार बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो, त्यामुळे अकरावीचं राहिलं म्हणून रडत बसू नये. बीकॉम, बीएस्सीला जिथे बारावीच्या गुणांवर यादी लागते, तिथे मात्र हा हिशेब चालत नाही.

आयआयटीचं गणित वेगळं आहे. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते आणि वर्षं मोजतात ती बारावीला पहिल्यांदा बसल्यापासून. अंथरुणातून उठून कशीबशी बारावी दिली, की त्यातलं एक वर्ष खर्ची पडलं. ध्येय तेच असेल आणि उपचार लांबणार असतील, तर यंदा बसूच नये असं माझं मत. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, तिथे ही चिंता नको.

एखाद-दुसरा पेपर बुडाला तर पुरवणी परीक्षा आहे. पास होऊनही गुण कमी वाटले तर श्रेणीसुधार योजनेत पुन्हा बसता येतं.

वर्षाचा खंड पडलाच तर प्रवेशाच्या वेळी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. खंडाचं वर्ष लिहा, दुसरीकडे प्रवेश घेतला नव्हता हे लिहा आणि कारण म्हणून "वैद्यकीय" एवढंच. आजाराचं नाव कारकुनाला सांगायची गरज नाही. एमबीबीएसच्या प्रवेशाला तंदुरुस्तीचा दाखला लागतो, त्याचं उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

आजारामुळे कायमचं अपंगत्व आलं असेल, किंवा सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलियासारखा आजार असेल, तर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज कराच. २०१६ च्या कायद्यात हे तिन्ही आजार आहेत. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरलं तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के राखीव जागांवर हक्क सांगता येतो. ही तपासणी निकालानंतर सुरू केली तर कॅपच्या तारखा हातातून जातात.

अमेरिकेत अर्ज करणाऱ्यांना मात्र हकीकत सांगायला जागा असते. तिथे अर्जातल्या 'जादा माहिती'च्या रकान्यात चार-सहा ओळी पुरेत: काय झालं, कधी झालं, कोणत्या सत्रातले गुण त्यामुळे घसरले आणि नंतर कुठवर आले. शाळेच्या समुपदेशकांनाही त्यांच्या पत्रात हेच लिहायला सांगा.