बायबलमधली अवघड वचनं वाचताना या चुका टाळा

नव्या दुकानाच्या पत्रिकेवर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर, मोबाईलच्या स्टेटसवर एक वचन हमखास भेटतं: ईयोब 8:7, म्हणजे ईयोबाच्या पुस्तकातल्या आठव्या अध्यायाचं सातवं वचन. तुझा आरंभ अल्प असला तरी तुझा शेवट फार मोठा होईल, असा त्याचा आशय. आता त्याच अध्यायात तीन वचनं मागे जा. बोलतोय ईयोबाचा मित्र बिल्दद शूही. एकाच दिवशी दहा लेकरं गमावलेल्या बापाला, म्हणजे ईयोबाला, तो सुनावतोय की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, म्हणून देवाने त्यांना त्याचं फळ दिलं. पुस्तकाच्या शेवटी, 42:7 मध्ये, देव अलीफज या दुसऱ्या मित्राला स्पष्ट सांगतो की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत.

बोलणारा कोण हे न पाहता वचन उचलणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कुणी म्हणेल, ईयोबाचा शेवट खरंच मोठा झाला ना? झाला, 42:12 तेच सांगतं. पण बिल्ददने घातलेली अट अशी होती की तू निर्दोष असशील तरच. ईयोब भोगतोय म्हणजे तो दोषी, हा हिशोब त्याने आधीच मांडून ठेवला होता आणि देवाने तो हिशोबच फेटाळला. तरीही आपल्याकडे घरात आजारपण आलं, तरुण मुलगा गेला, की प्रार्थनेला आलेलं कुणीतरी हळूच विचारतं, “घरात काही पाप राहिलंय का?” हा प्रश्न ऐकून उपासनेला येणंच सोडून दिलेली माणसं आहेत. ईयोबाच्या मित्रांची भाषणं देवाची वाणी म्हणून वाचली की हेच घडतं. प्रभू येशूने शिलोहाच्या बुरुजाखाली मेलेल्या अठरा जणांबद्दल काय सांगितलं (लूक 13:4-5), आणि जन्मांध माणसाबद्दल काय (योहान 9:3), ते या भाषणांच्या शेजारी ठेवून वाचा.

दुसरी चूक 31 डिसेंबरच्या रात्री होते. वर्षाचं वचन म्हणून चिठ्ठी उचलली जाते आणि यिर्मया 29:11 निघालं की आनंदीआनंद: देवाचे माझ्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, म्हणजे यंदा नोकरी, फ्लॅट, लग्न. पण हे एका पत्रातलं वाक्य आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमहून बाबेलला नेलेल्या बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने ते पत्र पाठवलं. आधीच्याच वचनात मुदत दिली आहे: सत्तर वर्षं. म्हणजे पत्र ऐकणारे बहुतेक प्रौढ बाबेलातच मरणार होते. दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल असं सांगणारा संदेष्टाही होता, हनन्या. तो 28व्या अध्यायात भेटतो, आणि त्याचा संदेश खोटा ठरला. आपण यिर्मयाचं वचन हातात धरून अनेकदा हनन्याचा अर्थ वाचत असतो.

माझ्या मते या पत्रातली पुणे शहरात राहणाऱ्यांच्या कामाची ओळ अकरावी नव्हे, सातवी आहे. अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर), जालना, विदर्भातून पोटासाठी इथे आलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आणि मन गावाकडेच असलेल्या कितीतरी जणांना ती सांगावीशी वाटते: ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा.

फिलिप्पैकरांस 4:13 तर परीक्षेच्या दिवसांत फारच चालतं. प्रेषित पौल ते कैदेतून लिहितोय, आणि आधीच्या दोन वचनांत पोटभर असतानाही आणि उपाशी असतानाही समाधानी राहायला शिकलो असं म्हणतोय. तेव्हा “मी सर्वकाही करू शकतो” यात मार्कांची हमी शोधू नये. नापास झालेल्या मुलाला मात्र हे वचन जरूर वाचून दाखवावं.

आणखी एक लक्षात ठेवा. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली आणि नव्या करारातल्या वचनांचे आजचे आकडे 1551 सालचे. पौलाने आकडे घालून पत्र लिहिलं नव्हतं. आकड्याशी थांबायचं बंधन आपणच घालून घेतलंय.

मग एखादं वचन खरोखरच अडलं तर? 1 करिंथ 14:34 घ्या, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं असं सांगणारं. आधी पूर्ण अध्याय मोठ्याने वाचा. तिथे आणखी दोघांना गप्प राहायला सांगितलं आहे: अर्थ सांगणारा नसेल तर अन्य भाषेत बोलणाऱ्याला (14:28) आणि दुसऱ्याला प्रकटीकरण झालं तर बोलत असलेल्या संदेष्ट्याला (14:30). विषय सभेतल्या शिस्तीचा आहे. मग त्याच पत्रात मागे जा. 11:5 मध्ये स्त्रिया प्रार्थना करतात, संदेश देतात, हे पौल गृहीत धरतो. दोन्ही वचनांचा मेळ कसा घालायचा यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत, आणि ते तसे सांगण्यात काही कमीपणा नाही. पण 11:5 लपवून 14:34 वाचणं अप्रामाणिक आहे. पुण्यापासून जवळच, केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. ते त्यांच्या निधनानंतर 1924 साली छापून झालं. त्या जिल्ह्यात तरी बायकांना बायबल अभ्यासात मागे बसवताना दहादा विचार व्हावा.

स्तोत्र 137 चं शेवटचं वचन उपासनेत बहुधा गाळलंच जातं. बाबेलची बाळं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणणारं ते वचन. ती आज्ञा नाही. घरं जळलेल्या, लेकरं मारली गेलेल्या लोकांचा देवापुढचा आक्रोश आहे. पहिल्या वचनापासून, नद्यांकाठच्या रडण्यापासून वाचलं तरच तो ऐकू येतो.

आणि लूक 14:26, आईबापांचा द्वेष करण्याबद्दलचं. नव्याने विश्वासात आलेल्या तरुणाला हे एकटंच वचन कधीही देऊ नका. सोबत मत्तय 10:37 द्या, तिथे तीच शिकवण ‘माझ्यापेक्षा अधिक प्रीती’ अशा शब्दांत आहे. शिवाय मार्क 7:9-13 द्या, जिथे देवाच्या नावाखाली आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना येशू फटकारतो.

एवढं करूनही गाठ सुटली नाही तर पाळकांना विचारा. बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, नगर रोडला ज्ञानदीप ही धर्मशिक्षणाची संस्था आहे. या शास्त्राचं शिक्षण घेतलेली माणसं पुण्यात शोधली तर भेटतात. जाताना नुसतं वचन नेऊ नका. अख्खा अध्याय वाचून, कुठे अडलं तिथे पेन्सिलने खूण करून न्या.