मे महिन्यात लॅपटॉप असा सांभाळा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा कित्येकदा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठीच बनवलेले असतात. म्हणून व्हिडिओ एडिटिंग, मोठे गेम अशी जड कामं भर दुपारी नकोतच, पहाटे उरका.

गादीवर, गोधडीवर लॅपटॉप ठेवू नका. हवा आत घेणाऱ्या जाळ्या बहुधा तळाशी असतात, त्या बुजल्या की पंखा नुसता घरघरतो. पाट उत्तम. कूलरच्या थेट झोतातही नको, त्यात पाण्याचे तुषार येऊ शकतात.

खरे हाल होतात ते बॅटरीचे. उन्हाळ्यात ती कायम १०० टक्के भरलेली ठेवली, तर लवकर खराब होते. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आता बऱ्याच लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये असते. ती आजच चालू करा, खरंच फरक पडतो. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला तर बॅटरी फुगल्याची शंका घ्या. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि दुरुस्तीला न्या. दाबून, टोचून अजिबात पाहू नका.

लाइट गेली की चार्जरची पिन काढून ठेवा, आल्यावर पाचेक मिनिटांनी लावा.