हिरड्या दात सोडतायत? या चुका टाळा

‘वय झालं, हिरड्या सुटणारच’ असं म्हणण्याआधी उजेडात आरसा धरा आणि हिरडी नेमकी कुठे सरकली ते बघा. जागेवरून बहुतेक वेळा कारण सापडतं.

सुळे आणि त्यामागच्या लहान दाढा बाहेरून लांब दिसतात? मग घासणंच जास्त होतंय. उजव्या हाताने घासणाऱ्यांना हे बहुधा डावीकडे जास्त दिसतं. राख, कोळसा, विटेची भुकटी बोटावर घेऊन दात चकचकीत करायची सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या पाण्याच्या गावांत तर विचारूच नका. त्या पाण्याने पडलेले पिवळे-तपकिरी डाग दाताच्या आतच असतात. घासून डाग जात नाहीत, हिरडी मात्र जाते. मऊ ब्रश घ्या, दात आणि हिरडीच्या सांध्यावर तिरपा ठेवा आणि हलक्या हाताने दोन मिनिटं फिरवा. महिन्याभरात ब्रशचे केस फाकले, तर हात अजून जडच आहे. निंबाची काडी चालेल, पण टोक चावून मऊ केल्यावरच.

खालच्या पुढच्या दातांच्या मागे लाळ सुटते, म्हणून कीट तिथे आधी दगडासारखं बसतं. ते ब्रशने निघत नाही, डॉक्टरकडूनच काढावं लागतं. ‘सफाई केली का दात हालतेत’ हे पानठेल्यावरचं शास्त्र! हाड कीटामुळे आधीच झिजलेलं असतं. कीटाचा टेकू गेल्यावर ते फक्त जाणवतं.

एकाच बाजूची, गालाच्या कोपऱ्यातली हिरडी उतरली असेल तर खर्रा आठवा. गुटखाबंदी 2012 साली आली, पण पन्नीत घोटलेला खर्रा काही थांबला नाही. सुपारी, चुना, तंबाखू तासन्‌तास जिथे दाबून ठेवता, तिथलीच हिरडी सोलून निघते. कोपरा बदलून काही साधत नाही, दुसरी बाजूही जाते. दात ठणकला म्हणून तंबाखू दाबणारेही याच वाटेने जातात. तोंडात उभी तीन बोटं मावत नसतील किंवा पांढरा चट्टा दोन आठवड्यांत गेला नसेल, तर थांबू नका. जिल्हा रुग्णालय गाठा, नाहीतर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय.

रक्त येतं म्हणून घासणं बंद करू नका, त्याने कीट वाढतं. विडी ओढणाऱ्यांना उलट रक्त कमी येतं, त्यामुळे बिघाड उशिरा कळतो. सरकलेली हिरडी मलमाने परत येत नाही. पुढचं सरकणं तेवढं थांबवता येतं, आणि काही ठिकाणी शस्त्रक्रियेने झाकता येतं. हिरड्या सगळीकडूनच सुजल्या असतील, दात हलत असतील, तर डॉक्टरकडे जाताना रक्तातली साखरही तपासून घ्या.