नवं सोशल मीडिया अकाउंट उघडताना या चुका टाळा

नवं अकाउंट उघडायला पाच मिनिटं पुरतात आणि त्यातली चार बहुतेक जण फोटो निवडण्यात घालवतात. फोटो उद्याही बदलता येतो. पण कुठल्या ईमेलवर अकाउंट उघडलं, जन्मतारीख काय टाकली, हँडल (@नंतर येणारं अकाउंटचं नाव) कुठलं घेतलं, अकाउंट कुठल्या प्रकारचं ठेवलं, या गोष्टी पुढे बदलायला गेलात की घाम फुटतो. म्हणून आधी ज्या गोष्टी सहज बदलत नाहीत त्या नीट भरा, सजावट नंतर करा.

ईमेल आणि नंबर तुमचाच आहे ना?

ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या ईमेलवर अकाउंट उघडणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नोकरी सुटली, शिक्षण संपलं की तो मेलबॉक्स बंद होतो. त्याचा फटका लगेच कळत नाही. दोन वर्षांनी फोन बदलता, पासवर्ड आठवत नाही, ‘पासवर्ड विसरलात?’वर टॅप करता आणि लिंक जाते त्या बंद पत्त्यावर. घरातल्या दुसऱ्या कुणाचा नंबर, तात्पुरतं सिम यांचंही तेच. बंद झालेला मोबाईल नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. मग तुमचे ओटीपी त्याच्या फोनवर वाजायला लागतात.

फक्त नंबरवर विसंबणंही बरं नाही. कुणी मोबाईल कंपनीला फसवून तुमचा नंबर स्वतःच्या सिमवर वळवून घेतला, तर एसएमएसने येणारे सगळे कोड त्याच्या हातात. ट्विटरचे सहसंस्थापक जॅक डॉर्सी यांचं स्वतःचं ट्विटर अकाउंट ऑगस्ट २०१९मध्ये त्यांचा फोन नंबर असाच हिसकावून वापरलं गेलं होतं.

तेव्हा स्वतःचा, एकट्याच्या ताब्यातला ईमेल वापरा आणि आधी त्या ईमेललाच मजबूत पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) लावा. प्रोफाइलवर संपर्कासाठी जो ईमेल दाखवणार तो वेगळा ठेवा. लॉगिनचाच पत्ता जगाला दाखवला की ‘तुमचं अकाउंट बंद होणार आहे’ छापाचे खोटे मेल नेमके त्याच पत्त्यावर येतात, आणि गडबडीत ते खरे वाटतात.

संस्थेचं किंवा दुकानाचं खातं असेल तर एकाच माणसावर ते लटकवू नका. फेसबुक पेजचा पूर्ण ताबा किमान दोघांकडे असावा.

जन्मतारीख: संस्थेचा वाढदिवस नव्हे

बहुतेक मोठ्या प्लॅटफॉर्मवर किमान वय १३ आहे. संस्थेचं अकाउंट उघडताना जन्मतारखेच्या रकान्यात संस्थेच्या स्थापनेची तारीख टाकायचा मोह होतो. संस्था पाच वर्षांची असेल तर प्लॅटफॉर्मच्या लेखी अकाउंट चालवणारा पाच वर्षांचा ठरतो आणि अकाउंट लॉक होतं. मार्च २०१९मध्ये ट्विटरवर अशीच एक थट्टा पसरली होती: जन्मवर्ष २००७ करा, नवे रंग उघडतील. रंग काही उघडले नाहीत, लोकांची खाती मात्र लॉक झाली आणि ट्विटरला जाहीरपणे ‘हे करू नका’ असं सांगावं लागलं.

अकाउंट चालवणाऱ्या माणसाची, ओळखपत्राशी जुळणारी तारीख टाका आणि ती कुणाला दिसणार नाही अशी सेटिंग करा. उद्या ओळख पटवायची वेळ आली तर प्लॅटफॉर्म कागदपत्रच मागतं, आणि गमतीने टाकलेली १ जानेवारी तिथे अडते.

हँडल

इथे थोडा वेळ घालवला तर तो वाया जात नाही. एक्सवर (म्हणजे आधीच्या ट्विटरवर) हँडल जास्तीत जास्त १५ अक्षरांचं असतं, इन्स्टाग्रामवर ३०, यूट्यूबवर ३ ते ३०. सगळीकडे एकच नाव हवं असेल तर मर्यादा १५च धरा. एक्सवर इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर एवढंच चालतं. इन्स्टाग्रामवर मध्ये टिंबही चालतं, पण ते टिंब एक्सवर नेता येत नाही. म्हणून टिंब टाळलेलंच बरं.

नाव पक्कं करण्याआधी ते कुणाला तरी फोनवर सांगून पाहा. ‘शेवटी दोन अंडरस्कोअर, मधलं ओ म्हणजे शून्य’ असा खुलासा करावा लागला तर ते नाव सोडा. शेवटी जन्मवर्ष जोडायची सवयही वाईट: वयही कळतं आणि पासवर्डचा अंदाज बांधणाऱ्याला आयता धागाही मिळतो.

नाव ठरलं की त्याच दिवशी इतर प्लॅटफॉर्मवरही ते घेऊन ठेवा, तिथे लगेच काही टाकायचं नसलं तरी. हँडल नंतर बदलता येतं हे खरं, पण प्रोफाइलच्या लिंकमध्ये हँडलच असतं. ते बदललं की जुन्या लिंका, छापलेली कार्डं, जुन्या पोस्टमधले उल्लेख सगळं हवेत जातं. वर जुनं नाव रिकामं झालं की ते दुसरा कुणी उचलू शकतो.

हँडल वेगळं आणि दिसणारं नाव वेगळं. दिसणारं नाव देवनागरीत खुशाल लिहा. इन्स्टाग्रामच्या शोधात या नावाच्या रकान्यातले शब्दही धरले जातात, त्यामुळे नावापुढे काम लिहिलं (‘केक’, ‘योगवर्ग’, ‘वकील’) तर शोधणाऱ्याला सापडायला मदत होते. फक्त सेव्ह करण्याआधी शुद्धलेखन तपासा. इन्स्टाग्रामवर हे नाव १४ दिवसांत दोनदाच बदलता येतं. फेसबुकवर एकदा बदललं की ६० दिवस थांबावं लागतं, म्हणजे राहून गेलेला काना दोन महिने तसाच मिरवायचा.

प्रोफाइल की पेज?

फेसबुकवर धंद्यासाठी वैयक्तिक प्रोफाइल वापरणं नियमात बसत नाही. शिवाय ५,००० मित्रांची मर्यादा आड येते. पेजच उघडा. इन्स्टाग्रामवर उलटी गडबड होते: आकडेवारी बघायला मिळेल म्हणून लोक प्रोफेशनल अकाउंटवर जातात आणि मग प्रायव्हेटचं बटण का सापडत नाही म्हणून शोधत बसतात. प्रोफेशनल अकाउंट प्रायव्हेट ठेवता येत नाही. त्यातला बिझनेस प्रकार घेतला तर रील्ससाठी गाणीही कमी मिळतात. घरच्यांपुरतं खातं हवं असेल तर वैयक्तिकच ठेवा.

ओटीपी येत नाही तेव्हा

पहिली चूक म्हणजे ‘पुन्हा पाठवा’ हे बटण लागोपाठ दाबत सुटणं. प्रत्येक नव्या कोडबरोबर आधीचा सहसा रद्द होतो. उशिरा पोचलेला पहिला कोड तुम्ही टाकता, तो चुकीचा ठरतो, तुम्ही पुन्हा मागवता. चारपाच वेळा असं झालं की प्लॅटफॉर्म काही तास कोड पाठवणंच थांबवतं. एकदा मागवा, दोनतीन मिनिटं थांबा, आणि सगळ्यात शेवटी आलेलाच कोड टाका.

तरी आला नाही तर देशाचा कोड बरोबर निवडलाय का, नंबरच्या सुरुवातीला शून्य राहिलंय का ते पाहा. मेलवर येणार असेल तर स्पॅम आणि प्रमोशन्स दोन्ही उघडा आणि पत्त्याच्या शेवटच्या तीन अक्षरांकडे नीट बघा, ‘कॉम’चं ‘कॉन’ होणं फार सर्रास आहे. मेलबॉक्सची जागा भरली असेल तरी नवे मेल परत जातात. हे कारण लवकर कुणाच्या डोक्यात येत नाही.

दुहेरी पडताळणी, आणि नाकारला जाणारा कोड

अकाउंट उघडल्या उघडल्या टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन, म्हणजेच दुहेरी पडताळणी, सुरू करा. इन्स्टाग्राम आणि फेसबुकसाठी ते सेटिंग्जमधल्या अकाउंट्स सेंटरमध्ये ‘पासवर्ड अँड सिक्युरिटी’खाली सापडतं. एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड तयार करून देणारं ॲप) चांगलं: नेटवर्क नसलं तरी चालतं आणि सिम पळवून हाती लागत नाही. एक्सवर तर २० मार्च २०२३पासून एसएमएसची सोय फक्त पैसे भरणाऱ्यांनाच आहे, ॲप मात्र सगळ्यांना वापरता येतं.

ॲपमधला सहा आकडी कोड साधारण दर ३० सेकंदांनी बदलतो आणि तो फोनच्या घड्याळावरून तयार होतो. म्हणून कोड अचूक टाकूनही ‘चुकीचा कोड’ येत असेल तर पासवर्ड बदलत बसू नका. फोनच्या सेटिंग्जमध्ये तारीख-वेळ ‘आपोआप’ आहे का ते बघा. कुणीतरी गेमसाठी किंवा अलार्मसाठी घड्याळ हाताने पुढे केलेलं असतं. तीन मिनिटांच्या फरकानेही कोड जुळत नाही. घड्याळ आपोआपवर टाका, नवा कोड येऊ द्या, बहुतेकदा काम होतं.

सेटअपच्या शेवटी, फोन हाताशी नसताना वापरायचे बॅकअप कोड मिळतात. ते त्याच फोनच्या गॅलरीत स्क्रीनशॉट म्हणून ठेवणं म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेणं. कागदावर लिहा किंवा पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. यातला प्रत्येक कोड एकदाच चालतो. आणि जुना फोन विकण्याआधी किंवा रीसेट करण्याआधी ऑथेंटिकेटर नव्या फोनवर हलवून, एकदा लॉगिन करून खात्री करा.

फोटो आणि कव्हर

तुम्ही चौकोनी फोटो टाकता, दिसतो तो गोल. चौकोनात बसवलेल्या वर्तुळाबाहेर साधारण २१ टक्के भाग जातो, आणि तो चारही कोपऱ्यांतला. कोपऱ्यात लिहिलेलं नाव, लोगोची टोकं नेमकी तिथेच कापली जातात. एक्स प्रोफाइल फोटोसाठी ४०० × ४०० पिक्सेल सुचवतं, त्याहून मोठा चौकोनी फोटो असला तरी हरकत नाही. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेला फोटो मात्र नको. तिथे तो आधीच दाबलेला असतो, इथे पुन्हा दाबला जातो आणि चेहरा पिठासारखा दिसतो. मूळ फाइल वापरा. लोगोत संस्थेचं लांबलचक नाव असेल तर फक्त चिन्ह घ्या, कारण कॉमेंटच्या शेजारी तो फोटो नखाएवढाच दिसणार आहे.

कव्हरचं माप प्रत्येक ठिकाणी निराळं: एक्सवर १५०० × ५००, लिंक्डइनवर वैयक्तिक प्रोफाइलला १५८४ × ३९६, यूट्यूबवर २५६० × १४४०. एक्स आणि लिंक्डइनवर प्रोफाइल फोटो कव्हरच्या डाव्या खालच्या बाजूवर चढतो, तिथे मजकूर ठेवू नका. यूट्यूबचं कव्हर टीव्हीवर पूर्ण दिसतं आणि फोनवर मधली पट्टीच उरते, तेव्हा नाव मधल्या १५४६ × ४२३ भागातच बसवा.

बायो

बायो म्हणजे प्रोफाइलवरची छोटी ओळख. इन्स्टाग्रामवर तिला १५० अक्षरं, एक्सवर १६०. देवनागरीत लिहिणाऱ्यांना ही जागा अचानक संपल्यासारखी वाटते, कारण मशीन काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगवेगळं मोजतं. ‘छायाचित्रकार’ आपल्या डोळ्यांना सहा अक्षरांचा, मशीनच्या हिशेबात बारा. ‘क्ष’ एकटाच तीन जागा खातो. तेव्हा मजकूर आधी नोट्समध्ये लिहून कापा, रकान्यात लिहीत बसू नका. नाहीतर शेवटचा फोन नंबर अर्धवट राहतो.

काय करता, कुणासाठी करता, संपर्क कसा करायचा, एवढं पुरे. विचारांची माळ नको. इंग्रजी मजकुरासाठी वेबसाइटवरून आणलेले वेलबुट्टीदार फॉन्टही नकोत. ती दिसायला अक्षरं असली तरी प्रत्यक्षात गणिती चिन्हं असतात: शोधात ती नीट सापडत नाहीत, आणि स्क्रीन रीडर (मजकूर वाचून दाखवणारं ॲप) वापरणाऱ्याला ती विचित्र ऐकू येतात किंवा ऐकूच येत नाहीत. घरचा पत्ता, मुलांच्या शाळेचं नाव बायोत कधीच टाकू नका.

‘कॉन्टॅक्ट्स ॲक्सेस’ला घाईत हो म्हणू नका

सेटअपच्या मध्येच ॲप फोनबुक मागतं आणि ‘नेक्स्ट’ दाबत जाणारा अंगठा होकार देऊन मोकळा होतो. मग वेगळ्या नावाने उघडलेलं खातं साहेबांना, शेजाऱ्यांना ‘तुमच्या ओळखीचे’ म्हणून सुचवलं जातं. कॉन्टॅक्ट सिंक बंद ठेवा, आणि नंबरवरून किंवा ईमेलवरून कुणी शोधू शकतं का ती सेटिंगही बंद करा. दोन्ही वेगवेगळ्या आहेत. एक बंद केल्याने दुसरी बंद होत नाही.

पहिल्याच दिवशी ‘ॲक्शन ब्लॉक्ड’

कोरं प्रोफाइल, शून्य पोस्ट, आणि तासाभरात दीडशे जणांना फॉलो, पन्नास जणांना तोच मेसेज, त्यात लिंक. स्पॅम करणारी यंत्रं नेमकं हेच करतात, त्यामुळे प्लॅटफॉर्म तुम्हाला त्यांच्याच रांगेत बसवतं. एक्सवर दिवसाला ४०० फॉलोची मर्यादा आहे म्हणून नव्या अकाउंटने ४०० गाठावेत असं नाही, त्याआधीच ब्रेक लागू शकतो. आधी पाचसहा पोस्ट टाका, मग ओळखीच्यांपासून थोडे थोडे फॉलो करा.

ब्लॉक लागलाच तर एकदोन दिवस ती कृती पूर्ण थांबवा. फॉलोअर वाढवून देणारं एखादं ॲप जोडलं असेल तर काढा, पासवर्ड बदला. त्याच फोनवरून लगेच दुसरं अकाउंट उघडू नका, संशय वाढतोच.

अकाउंट बंदच झालं तर अपील फक्त ॲपमधून करा, आणि एकदाच, ओळखपत्राशी जुळणाऱ्या नावाने. ‘रिकव्हर करून देतो’ म्हणत कॉमेंटमध्ये येणारे सगळे पैसे उकळायला बसलेले असतात. इन्स्टाग्रामकडून आलेला मेल खरा की खोटा हे कळत नसेल तर अकाउंट्स सेंटरमध्ये ‘पासवर्ड अँड सिक्युरिटी’खाली ‘रीसेंट ईमेल्स’ बघा. गेल्या १४ दिवसांत कंपनीने खरोखर काय पाठवलं ते तिथे दिसतं.

आणि सगळं बिघडलंय असं वाटून अकाउंट डिलीट करून नव्याने सुरुवात करायची ऊर्मी आली तर आवरा. फेसबुक आणि इन्स्टाग्राम डिलीटची विनंती ३० दिवस राखून ठेवतात, तोवर मन बदलता येतं. त्यानंतर मात्र तेच हँडल परत मिळेलच याची हमी नसते. चुकीचा फोटो, फसलेला बायो, नको असलेल्या पोस्ट हे सगळं आहे त्याच अकाउंटवर दुरुस्त होतं.